तिथीची पाऊणपट

रत्नागिरीला नोकरी लागेपर्यंत मी समुद्र दोनदाच पाहिला होता, तोही चपला हातात घेऊन. मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकतं ते, आणि त्यात उतरायचं ते गाळ काढायला. रसायनशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून कॉलेजात लागलो आणि तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नेव्हल एनसीसी बघणारे सर निवृत्त होतायत. तुमचं नाव पाठवलंय. उंची बरी आहे तुमची." पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढची वीस वर्षं रविवारची सकाळ जेटीवर गेली. आता निवृत्त झालोय, तर बाजारात भेटणारे विचारतात, "सर, ते नेव्हल म्हणजे नक्की काय हो? पांढरे कपडे घालून परेड करायची तेच ना?" भाजीची पिशवी हातात असताना एवढं मोठं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

एनसीसीची कल्पना पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीची. समिती नेमली १९४६ मध्ये, कायदा झाला १९४८ मध्ये. सुरुवातीला नुसतं भूदल. मग १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला, १९५० मध्ये हवाई आणि १९५२ मध्ये नौदलाचा. शाळेतल्या मुलांना ज्युनिअर, कॉलेजातल्यांना सीनिअर. परीक्षा दिल्या की ए, बी, सी अशी सर्टिफिकेटं. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली होती, ती १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. पण त्या पाच वर्षांनी पालकांच्या मनात जे बसलं ते अजून निघालेलं नाही. दरवर्षी जूनमध्ये एखादी आई स्टाफरूमच्या दाराशी यायची आणि हळूच विचारायची, "सर, उद्या लढाई लागली तर ह्याला नेणार नाहीत ना?" नाही नेत. एनसीसी केली म्हणून कुणावर सैन्यात जायचं बंधन नाही, आणि बहुतेक मुलं जातही नाहीत. माझे कॅडेट आज बँकेत आहेत, आंब्याच्या धंद्यात आहेत, एक तर कीर्तनकार झाला. त्याचा खणखणीत आवाज परेडवरचा.

युनिटचा गाडा कोण ओढतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कमांडिंग ऑफिसर आणि प्रशिक्षक नौदलातून येतात, दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. बोट कीपर, जहाजांच्या प्रतिकृती शिकवणारा आणि लस्कर ही माणसं राज्य सरकारच्या पगारावरची. लस्कर हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला लष्करातला कुणी वाटला. मूळ एकच असेल, पण इथं त्याचा अर्थ खलाशी. आणि कॉलेजकडून माझ्यासारखा एक मास्तर, ज्याला शिकवण्याचे तास सांभाळून खांद्यावर पट्ट्या लावायच्या असतात. कागदावर एवढीच माणसं. कागदावर नसलेली मोजायला मला काही वर्षं लागली.

होडीचं आधी सांगतो, कारण सगळं तिच्याभोवती फिरतं. आमची होडी म्हणजे डीके व्हेलर. लांबी सत्तावीस फूट. वल्ही पाच, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल विचारतं, मग होडी गोल नाही का फिरणार? फिरते, फिरू द्यायची नसते, तेच शिकायचं असतं. मागं सुकाणूवर कॉक्सन बसतो आणि ओरडतो, "गिव्ह वे टुगेदर!" पाच वल्ही एकदम पाण्यात पडली पाहिजेत. पहिले दोन महिने ती पाच वेळा वेगवेगळी पडतात. वल्हं माणसाच्या उंचीच्या अडीचपट लांब. तळहाताला आधी पाणी भरलेले फोड येतात, मग ते फुटतात, मग खारं पाणी लागतं. फोड फुटल्यावर जो पुढच्या रविवारी परत येतो तो वर्षभर टिकतो, हा माझा हिशेब फारसा चुकला नाही.

डीके म्हणजे ड्रॉप कील. होडीच्या पोटात एक उभी पेटी असते आणि तिच्यातून एक जाड फळी खाली पाण्यात सोडता येते. शीड लावलं की वारा होडीला आडवी ढकलतो, ही फळी तिला धरून ठेवते. उथळ पाण्यात शिरताना मात्र ती वर ओढून घ्यायची असते. हे वाक्य मी वर्गात किमान शंभर वेळा सांगितलं असेल.

कोकणातल्या वाऱ्याचं एक बरं आहे, तो वेळ पाळतो. पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारा. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की मोहिमा निघतात. नौदलाच्या युनिटांमध्ये 'मेनू' नावाची एक स्पर्धाच असते. जेवणाशी तिचा संबंध नाही, मोस्ट एंटरप्रायझिंग नेव्हल युनिट याची ती आद्याक्षरं. मुलामुलींनी शिडाच्या होड्या हाकत काही दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, रात्री एखाद्या बंदरात मुक्काम. अशा मोहिमेबरोबर सुरक्षेसाठी एक इंजिनाची बोट लागते, आणि ती बोट म्हणजे कुणातरी मच्छीमाराची, धंद्याच्या ऐन दिवसांत धंदा सोडून आलेली.

आमच्याबरोबर यायचे ते मिरकरवाड्याचे एक नाखवा. त्यांना सगळं बंदर चाचा म्हणायचं, म्हणून मीही. पहिल्याच भेटीत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही घाटावरचे ना? पाण्यात पडलात तर काय करणार?" त्यांनाच खरं काय ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात चाचांनी कमरेला रॉकेलचा रिकामा डबा बांधून मला भगवती बंदराजवळ पाण्यात सोडलं. वय चौतीस, अंगावर बनियन, आणि जेटीवर जाळी विणत बसलेली सात-आठ माणसं तोंडात हसू दाबून. महिनाभरानं डबा सुटला.

भरतीची वेळ काढायची रीतही त्यांचीच. आमच्याकडं छापील तक्ता असतो, मिनिटांसकट. चाचा तिथी विचारायचे आणि तिची पाऊणपट करायचे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अवसेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाच्या वर थोडी पुढं सरकते, त्याचंच हे तोंडी गणित. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, पण तक्ता भिजतो आणि तिथी भिजत नाही.

तक्ता नुसता भिजतच नाही, चुकीचाही वाचता येतो. एका डिसेंबरमध्ये आम्ही दक्षिणेकडं निघालो होतो, रत्नागिरीहून विजयदुर्गाच्या दिशेनं. पहिला मुक्काम पूर्णगडला, मुचकुंदी नदीच्या खाडीत. त्या दिवशीची वेळ मी तक्त्यात खालच्या ओळीवरून वाचली होती, ती निघाली आठवड्यानंतरची. संध्याकाळी पाच वाजता खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा माझ्या हिशेबानं पाणी भरलेलं असायला हवं होतं. होती पौर्णिमा. म्हणजे ओहोटी, तीसुद्धा उधाणाची, समुद्र सगळ्यात खाली जातो तेव्हाची. चाचांची बोट मागं होती. ते हात हलवून काहीतरी ओरडत होते, मला वाटलं, शाबासकी देतायत.

आधी खालून खरवडल्यासारखा आवाज आला, मग होडी जागच्या जागी थांबली आणि शीड मात्र वाऱ्यानं फुगलेलंच. "कील वर घ्या!" मी ओरडलो. घेणार कशी? वाळू पेटीत शिरून फळी घट्ट बसली होती. दोन मुलं दोरीला लोंबकळली, फळी बोटभर हलली नाही. शीड उतरवलं. पाणी आमच्या भोवतीनं निघून जात होतं, ते डोळ्यांनी दिसत होतं. अर्ध्या तासात सत्तावीस फुटांची होडी एका कुशीवर कलली आणि आम्ही खाडीच्या मध्यावर वाळूच्या पाठीवर, खांद्यापर्यंत भिजलेले, दात वाजवत उभे.

चाचांच्या बोटीला खोल पाणी लागतं, तिला आत येता येईना. त्यांनी बाहेरच नांगर टाकला आणि किनाऱ्याकडं तोंड करून शिट्ट्या मारल्या. वाडीतून माणसं आली, रापण ओढायचे दोर खांद्यावर टाकून. गुडघाभर, मग कंबरभर पाण्यातून. मला कुणी काही विचारलं नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं होडीच्या बुडाशी हात घालून चाचपलं, दोघांना खोरी आणायला धाडलं आणि उरलेल्या पोरांना सांगितलं, "कपडे बदला जा. ही आठपर्यंत हलायची नाही."

बरोबर आठला हलली. तोवर चंद्र डोंगरावर चांगला वर आला होता आणि त्या उजेडात दोराला तीस-चाळीस माणसं लागली होती. दोन मुली दोराच्या टोकाशी, मला ओळखू न आलेल्या बायकांच्या मध्ये. होडी तरंगली तेव्हा कुणी जयजयकार वगैरे केला नाही. दोर गुंडाळले आणि म्हातारा म्हणाला, "चला, प्रसाद गार होईल."

त्या दिवशी दत्तजयंती होती, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं. देवळाच्या मांडवात पत्रावळी मांडलेल्या होत्या. भात, डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, वर शिऱ्याची मूद. चाचाही आले, मांडवाच्या कडेला बसून जेवले. पोलिसपाटलांनी प्राथमिक शाळेची खोली उघडून दिली. एका काकींनी मुलांचे पांढरे गणवेश नेले. खाऱ्या पाण्यानं ते पापडासारखे कडक झाले होते. विहिरीच्या गोड्या पाण्यातून पिळून त्यांनी सकाळी ते परत दिले, चुलीच्या उबेवर सुकवलेले, धुराचा वास येणारे. आमच्या नौदलाच्या प्रशिक्षकानं, जो एरवी बटणावरच्या डागासाठी पोरांना दहा फेऱ्या मारायला लावायचा, त्या वासाबद्दल एक शब्द काढला नाही.

परत आल्यावर हिशेब द्यायचा होता. एका कार्यालयातून विचारणा आली की त्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाचं व्हाउचर जोडलेलं नाही. खरंच जोडलं नव्हतं. दत्ताच्या प्रसादाची पावती कुणाकडून घ्यायची? चाचांच्या डिझेलचं बिल मात्र रीतसर होतं, ते मंजूर व्हायला आठ महिने लागले. तेवढ्या काळात चाचांनी मला एकदाही विचारलं नाही. मीच त्यांना टाळायला मासळी बाजाराला वळसा घालून घरी जायचो.

अशा माणसांची यादी करायला बसलो तर एसटीचा एक कंडक्टर आधी आठवतो. रविवारी पहाटेच्या गाडीला तो पांढऱ्या गणवेशातल्या पोरांसाठी पुढची बाकं फडक्यानं पुसून ठेवायचा. मुलींना होडीत पाठवायला पालक तयार होईनात, तेव्हा चाचांच्या घरातून चाची आल्या. सुरक्षेच्या बोटीत छत्री घेऊन त्या दिवसभर बसायच्या, आणि "चाची आहेत" एवढ्या शब्दावर आठ घरांनी परवानगी दिली होती. ह्यातलं काहीही कुठल्या वार्षिक अहवालात नाही.

मुंबईत हेच जरा संस्थेच्या रूपात पाहायला मिळतं. कुलाब्याला सी कॅडेट कोअर आहे. ती एनसीसीपेक्षा जुनी आणि वेगळी. सरकारी नव्हे, स्वयंसेवी. गोकळदास आहुजा नावाच्या गृहस्थांनी १९३८ मध्ये ती कराचीत काढली, फाळणीनंतर ती मुंबईला आली. आर. सी. चर्चजवळ 'जवाहर' हे त्यांचं प्रशिक्षण केंद्र. नाव जहाजाचं, पण उभं जमिनीवर. नौदल मदत करतं, पण शिकवायला रविवारी येणारे बरेचसे जुने कॅडेटच. माझे विद्यार्थी घेऊन एका डिसेंबरला गेटवेवर नौदलाचा बीटिंग रिट्रीट पाहायला गेलो होतो. तिथं ह्या सी कॅडेटांचा हॉर्नपाइप नाच असतो. दहा-बारा वर्षांची पोरं, खलाशाच्या टोप्या, हाताची घडी छातीवर. कपाळावर हात धरून क्षितिज न्याहाळायचं, दोर ओढायचा, शिडी चढायची, सगळं नाचात. बँडची गती वाढत जाते आणि शेवटी पाय दिसेनासे होतात. माझ्या पोरांनी एरवी कुठल्याही नाचाला नाकं मुरडली असती, इथं टाळ्या वाजवून हात लाल केले. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो १९७१ साली त्या तारखेला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला म्हणून. आणि त्या सोहळ्यात नाचणारी पोरं कराचीत जन्मलेल्या संस्थेची. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना हे सांगितलं, त्यांना ते फारसं आवडलं नाही.

गेटवेच्या त्याच धक्क्यावर १९४६ च्या फेब्रुवारीत लोक डबे घेऊन आले होते. 'तलवार' ह्या केंद्रातल्या खलाशांनी १८ तारखेला संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही ठिणगी होती. संप जहाजांवर पसरल्यावर त्यांची रसद तोडली गेली. तेव्हा मुंबईकरांनी भाकऱ्या, फळं, दूध, जे हाती लागलं ते आणून होड्यांतून जहाजांवर पोचवलं. हॉटेलवाल्यांनी, इराण्यांनी आपापली दुकानं खुली केली. पुढं परळ-लालबागच्या रस्त्यांवर गोळीबार झाला आणि शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली, त्यातली बहुतेक साधी, गिरणगावातली. राजकीय पुढाऱ्यांनी त्या खलाशांना शरण जायचा सल्ला दिला, हे इतिहासात येतं. डबे आणणारे कोण होते ते येत नाही. नौदल दिनाच्या भाषणात मला शिवछत्रपती आणि कान्होजी आंग्रे दरवर्षी ऐकायला मिळाले, आणि ते योग्यच आहे. पण आरमाराला तांदूळ कुणी पुरवला, डोलकाठीसाठी लाकूड कुणी तोडलं, हे एखाद्या वक्त्यानं सांगितलं असतं तर माझ्या पुढ्यात बसलेल्या खारव्याच्या पोरानं मान वर केली असती.

ते पोरगं तिथं असायचं मात्र क्वचित, आणि हीच माझी खरी खंत. वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या कॅडेटांमध्ये मच्छीमारांची मुलं बोटांवर मोजण्याइतकी. एक तर दहावीनंतर बरीचशी बोटीवर जातात, आणि प्रवेश कॉलेजातून. दुसरं, रविवारी त्यांना घरचं काम. चाचांच्या नातवाला मी दोन वर्षं मागं लागून बोलावलं. तो आला, व्हेलर बघितली, वल्ह्याला हात लावला आणि म्हणाला, "हे तर आम्ही रोज करतो. त्याचं सर्टिफिकेट मिळतं?" मिळतं म्हटल्यावर तो इतका हसला की त्याला बसावं लागलं. सी सर्टिफिकेट असलं आणि इंजिनीअरिंगची पदवी असली तर नौदलाच्या अधिकारीपदासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येतं, हे मी त्याला समजावलं. पदवीपर्यंत पोचायचं कसं, ते मला समजावता आलं नाही.

२००८ साली नोव्हेंबरमध्ये दहशतवादी समुद्रातून आले, तेव्हा बधवार पार्कच्या मच्छीमार नगरात उतरताना त्यांना पाहिलं आणि हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. त्यानंतर सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडं आली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, गावोगावी सागर रक्षक दलं निघाली, १०९३ आणि १५५४ हे क्रमांक बंदरांवर रंगवले गेले. मच्छीमार म्हणजे आपले डोळे आणि कान, असं तेव्हापासून प्रत्येक सभेत सांगितलं जातं. चाचा अशाच एका सभेतून परतताना म्हणाले, "डोळे झाले, कान झाले. आमच्या पोटाचं कोण बघतो?" मी हसलो. ते हसले नाहीत.

वाळूत रुतलेल्या त्या मोहिमेनंतरच्या वर्षी आराखडा मलाच करायचा होता. मी मुद्दाम दत्तजयंतीचा दिवस धरला आणि मुक्काम त्याच वाडीत टाकला. खाडीत शिरायची वेळ ह्या खेपेला तक्त्यावरून घेतली नाही. पंधराची पाऊणपट केली आणि लिहिलं, सव्वाअकरा. कागद मिरकरवाड्याला नेऊन चाचांना दाखवला. ते जाळ्याची सुई दातात धरून वाचत होते. सुई काढली आणि म्हणाले, "साडेदहाला शिरा, मास्तर. पाणी चढतं असताना रुतलात तर तेच उचलतं. भरल्यावर रुतलात तर पुन्हा सगळा गाव उठवावा लागेल."

मी वेळ खोडून साडेदहा केली. जेवणाचा रकाना कोराच ठेवला.